पाणी प्यावं, तर जावं कुठं?



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयात शिकवण्यात घालवली. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आता आज्या झाल्या आहेत, त्यातल्या बऱ्याच इथे समोर बसल्या आहेत. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा ‘स्त्रियांचे आरोग्य’ असं काहीतरी मोघम सांगून मोकळं होता आलं असतं. मी विषय दिला तो असा : लघवीच्या मार्गाला होणारा जंतुसंसर्ग, आणि तो आपल्याकडे कुणाला आणि कशामुळे होतो. निमंत्रणपत्रिकेवर तो शब्दही न बदलता छापला गेला. बाईंना हे आवडलं असतं असं त्यांच्या विद्यार्थिनी मला सांगतात, त्यामुळे संकोच बाजूला ठेवून बोलते.

आपल्याकडची बाई दवाखान्यात येते ती ‘उन्हाळी लागली’ असं म्हणत येते. त्याआधी तिचे चार-पाच दिवस घरीच गेलेले असतात. धण्याचं पाणी झालेलं असतं, सब्जा झालेला असतो, कुणी बार्ली सांगितलेली असते. यात वाईट काही नाही. त्या निमित्तानं तिच्या पोटात चार पेले पाणी जास्त जातं, आणि तेवढा उपयोग होतोही. पण ‘उष्णता झाली, होईल कमी’ असं म्हणत ती थांबते, आणि तोवर जंतू मूत्राशयातून वर मूत्रपिंडाकडे सरकू शकतात. मग थंडी वाजून ताप येतो, कमरेच्या वर एका बाजूला ठणका लागतो, उलट्या होतात. आता ती पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरी होण्याजोगी राहिलेली नसते, तिला सलाईन लावून दाखल करावं लागतं.

हे जंतू बाहेरून उडून येत नाहीत. दहातल्या सात-आठ वेळा तो ई. कोलाय नावाचा जिवाणू असतो आणि तो आपल्या प्रत्येकाच्या मोठ्या आतड्यात सुखानं राहतो. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञानं १८८५ साली तो तान्ह्या मुलांच्या शौचात पाहिला. तिथे तो निरुपद्रवी आहे. बिघडतं ते तो दोन-चार सेंटिमीटरचं अंतर ओलांडून मूत्रमार्गाच्या तोंडाशी आला म्हणजे. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण वीस सेंटिमीटर लांब असतो, बाईचा चार. बाईच्या बाबतीत जंतूची वाट मुळातच आखूड. जगभर निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, त्याचं पहिलं कारण हे. यात कुणाच्या अस्वच्छतेचा, आळसाचा किंवा चारित्र्याचा संबंध नाही. सभेत बसलेल्या सासूबाईंनी हे वाक्य घरी घेऊन जावं.

वाट आखूड असूनही रोज संसर्ग का होत नाही? कारण शरीराकडे त्यावर एक साधी योजना आहे : धार. दर तीन-चार तासांनी मूत्राशय रिकामं होतं आणि वर चढू पाहणारे जंतू धुतले जातात. बारामती-इंदापुरात नीरा डाव्या कालव्याच्या काठावर वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. वाहत्या पाटाला शेवाळ धरत नाही, पाणी तुंबलं की धरतं. आजच्या विषयाचं मर्म इथे आहे, आणि बाकीचं सगळं या धारेच्या भोवतीच फिरणार आहे.

आता धोका वाढवणाऱ्या गोष्टींकडे येते. त्यातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीबद्दल आपल्या घरांत कुणीच बोलत नाही. तरुण वयातल्या बायकांत या संसर्गाचं पहिल्या क्रमांकाचं कारण शरीरसंबंध हे आहे. अमेरिकेत सिएटलच्या भागात अठरा ते तीस वर्षांच्या बायकांचा एक अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. पुन्हा पुन्हा संसर्ग होणाऱ्या २२९ जणी आणि तसा त्रास नसलेल्या २५३ जणी, अशी ती तुलना होती. सगळ्यात जोरकस संबंध निघाला तो गेल्या महिन्यात किती वेळा शरीरसंबंध आला याच्याशी. त्याखालोखाल शुक्राणुनाशक क्रीमसारखी गर्भनिरोधकं, नवा जोडीदार, पहिला संसर्ग पंधरा वर्षांच्या आत झालेला असणं, आणि आईलाही हाच त्रास असणं.

आपल्याकडे याचा अर्थ असा : लग्न होऊन दोन-तीन आठवडे झालेली मुलगी, नवं घर, नवी माणसं, न्हाणीघरात जायचं तर सासऱ्यांसमोरून जायचं, म्हणून ती दिवसभर थांबते. त्यात जळजळ सुरू होते. ती कुणाला सांगणार? माहेरी फोन केला तर आई म्हणते, होतं असं. सासरी सांगितलं तर नवऱ्याच्या मनात भलताच संशय. मी या सभेतल्या पुरुषांना सांगते, हा गुप्तरोग नाही. तो तुमच्याकडून तिला किंवा तिच्याकडून तुम्हाला लागत नाही. तिचेच जंतू घर्षणानं तिच्याच मूत्रमार्गात ढकलले जातात. तिला दवाखान्यात न्या, आणि घरात तिला मोकळेपणानं उठून जाता येईल अशी व्यवस्था करा. तुमच्याकडून एवढंच हवं आहे.

सिएटलसारख्याच अभ्यासांत आणखी एक गोष्ट निघाली, ती लपवणं अप्रामाणिकपणा होईल. पुसण्याची दिशा, आतल्या कपड्यांचा प्रकार, लघवी थांबवून ठेवण्याची सवय, यांचा संसर्गाशी ठाम संबंध त्या तुलनांत दिसला नाही. आम्ही डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं बायकांना ‘असं करू नका, तसं करू नका’ असे उपदेश करत आलो, त्यांतल्या बऱ्याच उपदेशांना भक्कम आधार नाही. पुढून मागे धुवावं, हे साधं शहाणपण आहे, त्यात तोटा काही नाही, म्हणून मी अजूनही सांगते. पण जिला संसर्ग झाला तिनं काहीतरी घाण केलं असणार, हे त्यातून सिद्ध होत नाही.

थांबवून ठेवण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, आणि मी ते जबाबदारीनं मांडते. त्या अभ्यासांतल्या बायका कोण होत्या? विद्यापीठात शिकणाऱ्या किंवा शहरात राहणाऱ्या. त्यांच्या प्रत्येक मजल्यावर स्वच्छतागृह आहे. त्यांचं ‘थांबवणं’ म्हणजे तास संपेपर्यंत किंवा सिनेमा संपेपर्यंत. पहाटे अंधारात एकदा जाऊन येणारी आणि पुन्हा अंधार पडेपर्यंत न जाणारी बाई त्या तुलनेत नव्हतीच. जी त्या पाहणीत नव्हती, तिच्याबद्दल ती पाहणी काय सांगणार?

आणि अशी बाई फक्त थांबवत नाही. ती पाणीच पीत नाही. पाणी कमी पिण्याबद्दल आता चांगला पुरावा आहे. बल्गेरियातल्या सोफिया शहरात १४० बायकांवर एक प्रयोग झाला, तो २०१८ साली छापून आला. या सगळ्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रवपदार्थ पिणाऱ्या होत्या आणि सगळ्यांना वारंवार संसर्ग होत होता. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं, बाकीच्यांना नेहमीसारखं राहू दिलं. वर्षभरात जास्त पाणी पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा. गोळी नाही, इंजेक्शन नाही, फक्त पाणी, आणि त्रास जवळपास निम्म्यावर. हे वाचलं तेव्हा मला आनंद झाला. पण असा सल्ला आपल्या भागात देऊन पाहा. एका ऊसतोड बाईला मी तो दिला तेव्हा ती म्हणाली, “बाई, पाणी प्यावं, तर जावं कुठं?”

तिच्या दिवसाकडे जवळून पाहू. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा : या कारखान्यांचे बॉयलर पेटले की बीड, अहिल्यानगर, जालना इकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या आसपास किंवा माळावर राहायला कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आगाऊ घेतलेली उचल दोघांच्या नावावर. ती तीन-चारला उठते, भाकरी थापते, अंधारातच कोपीमागे जाऊन येते. उजाडायच्या आत फडात. नवरा तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते. फडात दुसऱ्या टोळ्यांचे पुरुष असतात, मुकादम असतो, रस्त्याकडेला ट्रॅक्टर उभा असतो. तोडलेला ऊस म्हणजे उघडं रान, आडोसा मिटत जातो. उभ्या उसात शिरायचं तर पात्यानं अंग कापतं, आणि सापाची भीती असते. म्हणून पाण्याचा ड्रम बांधावर असला तरी ती घशाला कोरड पडेपर्यंत त्याला हात लावत नाही. मासिक पाळी असेल तर कापड बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही. सकाळी घेतलेलं कापड संध्याकाळपर्यंत तसंच, घामानं आणि रक्तानं जड झालेलं. ओडिशातल्या दोन रुग्णालयांत ४८६ बायकांचा अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. पुन्हा वापरायची कापडं घेणाऱ्या बायकांत मूत्रमार्ग आणि जननमार्गाच्या संसर्गाच्या तक्रारी दुपटीहून जास्त आढळल्या. फडातल्या बाईची परिस्थिती त्याहून कठीण.

तिला जळजळ सुरू झाली, ओटीपोट दुखू लागलं, तर ती दवाखान्यात येऊ शकते का? एक दिवस काम चुकलं की खाडा पडतो. मजुरी जाते आणि वर दंड कापला जातो. म्हणून ती मेडिकलमधून दोन गोळ्या मागवते आणि मोळी उचलते. हा त्रास हंगामभर चालतो. पुढच्या हंगामात पुन्हा. कधीतरी तिला गावाकडे कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकटच संपेल. बीड जिल्ह्यात याची चौकशी करायला २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. यातल्या प्रत्येकीचं कारण लघवीचा संसर्ग होतं, असं मी अजिबात म्हणत नाही. कारणं अनेक होती. पण जळजळ, अंगावरून जाणं, ओटीपोटातलं दुखणं या तक्रारी एका गाठोड्यात बांधून ‘बायकांचं दुखणं’ म्हणून पाहिल्या जातात आणि त्यांतली कोणती कशाची हे तपासायची तसदी कुणी घेत नाही, हे मी रोज पाहते. एक लघवीची तपासणी आणि पाच दिवसांचं औषध, एवढ्यानं जिचं भागलं असतं ती बाईसुद्धा त्या गाठोड्यात ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचू शकते. याचा मला राग आहे.

हे दुखणं किती पसरलेलं आणि किती मुकं असतं, हे महाराष्ट्रानंच जगाला दाखवलं होतं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. निष्कर्ष जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी एखादा तरी आजार होता, आणि त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. गडचिरोली लांब आहे, असं आपण म्हणतो. आपल्या फडांतून अशी पाहणी केली तर काय निघेल, याचा विचार कारखान्यांच्या संचालकांनी करावा.

फडाबाहेरही चित्र फार निराळं नाही. निमगाव केतकीच्या पानमळ्यांत आणि डाळिंबाच्या बागांत मजुरीला जाणाऱ्या बायका, भिगवणच्या मासळीबाजारात सकाळपासून बसणाऱ्या, सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यात टँकरची वाट पाहणाऱ्या, बारामतीच्या टेक्स्टाईल पार्कमध्ये मशीनवर बसणाऱ्या. प्रत्येकीच्या दिवसात स्वच्छतागृह कुठे बसतं, हा प्रश्न विचारून पाहा. तिथे स्वच्छतागृह आहे का एवढ्यावर थांबू नका. त्याला आतून कडी आहे का, नळाला पाणी आहे का, मशीन सोडून जायचं तर कुणाची परवानगी लागते, हेही विचारा.

आषाढात तुकोबांची पालखी उंडवडीवरून बारामतीत येते, मग सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. बेलवाडीचं रिंगण पाहायला आपण सगळे जातो. लाखो पावलांत कितीतरी पावलं बायकांची, त्यातल्या पुष्कळ साठीच्या पुढच्या. फिरती शौचालयं वारीत आली हे फार चांगलं झालं, त्यामुळे गावांची घाण कमी झाली आणि बायकांची अब्रूही राखली गेली. पण मुक्कामाच्या गावांपुरतं न थांबता दोन मुक्कामांमधल्या वाटेवरही ती हवीत. चालताना घाम जातो, पाणी कमी पडतं, आणि वारकरी माऊली ‘वाटेत अडचण नको’ म्हणून तांब्या परत करते.

शाळांचं सांगते. ग्रामीण भारतातल्या शाळांची ‘असर’ ही पाहणी होते. २०२४च्या अहवालात वापरण्याजोगं मुलींचं स्वच्छतागृह असलेल्या शाळा ७२ टक्के आहेत. उरलेल्या शाळांतली मुलगी सकाळी घरून निघते आणि दुपारी घरी येईपर्यंत थांबते. पाण्याची बाटली दप्तरात भरलेली तशीच परत येते. लहान मुलांत थांबवण्याची सवय आणि बद्धकोष्ठ ही जोडी संसर्गाला आमंत्रण देते, हे बालरोगतज्ज्ञ चांगलं जाणतात. आयांनो, मुलीची बाटली संध्याकाळी भरलेली दिसली तर तिला रागावू नका, शाळेत जाऊन मुतारी बघून या.

यातून सुटण्याचा हक्क कायद्यानं आपल्याला मिळालेला आहे. पुण्यात विद्या बाळ यांनी १९८९ साली सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकानं पुणे महापालिकेच्या आयुक्तांना प्रतिवादी करून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. मुंबईत ‘राईट टू पी’ ही चळवळ त्याच सुमारास जोरात होती. डिसेंबर २०१५मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं की रस्त्यावर वावरणाऱ्या बायकांना स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृह मिळणं हा सन्मानानं जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि त्यासाठी समित्या नेमून आराखडे करायला सांगितलं. मराठी मासिक चालवणाऱ्या बायकांनी मिळवलेला हा निकाल आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण त्या आदेशाचा रोख महानगरपालिकांकडे होता. बारामतीत आणि इंदापुरात नगरपरिषदा आहेत, आणि उसाच्या फडात तर कुठलीच परिषद नाही. हक्क महापालिकेच्या हद्दीवर येऊन थांबत नाही, हे आपल्याला आपल्या ग्रामसभांत बोलून दाखवावं लागेल.

आता शरीराकडे परत येते, कारण सगळंच काही व्यवस्थेवर ढकलून चालणार नाही.

गरोदरपणाबद्दल मी आग्रहानं बोलणार आहे. पोटातल्या बाळाच्या वाढीबरोबर आणि संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, लघवी रेंगाळते. शंभरातल्या दोन ते दहा गरोदर बायकांच्या लघवीत जंतू असतात आणि त्यांना काडीचाही त्रास होत नसतो. औषध दिलं नाही, तर त्यातल्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास बायकांना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो, आणि त्यातून मुदतीपूर्व प्रसूतीचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढतो. म्हणून गरोदर बाईची लघवी, त्रास असो वा नसो, कल्चरला गेलीच पाहिजे. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत सुरक्षित मातृत्वाची तपासणी असते. आशाताई तुम्हाला बोलवायला येतात. जा. बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि २०१९पासून बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

तपासणीला नमुना द्यायचा कसा, हेही इथेच सांगते, कारण बरेच अहवाल इथेच चुकतात. जागा साध्या पाण्यानं धुवा. सुरुवातीची धार सोडून द्या. मधली धार झाकणाच्या निर्जंतुक बाटलीत घ्या, बाटलीच्या आत बोट लागू देऊ नका. शेवटची धार पुन्हा सोडा. बाटली दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. पर्समध्ये बाटली घेऊन बाजार करून मग लॅबमध्ये गेलात, तर मधल्या वेळेत जंतू वाढतात आणि नसलेला रोग कागदावर उमटतो. प्रयोगशाळेत कल्चरसाठी त्या लघवीचा अगदी छोटा थेंब थाळीवर पसरतात आणि रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी थाळीवर ठिपके उगवलेले असतात. एका मिलिलिटरमागे लाखभर किंवा त्याहून जास्त जंतू असतील तर तो खरा संसर्ग, ही रेघ एडवर्ड कॅस यांनी १९५०च्या दशकात आखली आणि आजही तिचा आधार घेतला जातो. त्रास असलेल्या बाईत त्याहून कमी आकडाही महत्त्वाचा ठरू शकतो. मग त्या ठिपक्यांवर वेगवेगळी औषधं लावून बघतात, कोणतं चालतं आणि कोणतं नाही.

पाळी गेल्यानंतर धोका पुन्हा वाढतो. इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गातले उपकारक जिवाणू घटतात, आणि त्यांची जागा ई. कोलाय घेतो. वारंवार त्रास होणाऱ्या ९३ बायकांवरचा एक प्रयोग १९९३ साली प्रसिद्ध झाला. योनीमार्गात इस्ट्रोजेनचं क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, बिनऔषधी क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. इतका फरक औषधशास्त्रात क्वचित दिसतो. तरीही साठीची बाई संकोचून बोलत नाही आणि डॉक्टर घाईत विचारत नाहीत. आज्यांनो, विचारा.

मधुमेह असेल, मूतखडा असेल, तर संसर्ग पुन्हा पुन्हा होतो आणि चिघळतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो आणि बोअरचं पाणी बेचव लागतं म्हणून माणसं आणखी कमी पितात, तेव्हा खड्याचंही फावतं. पुरुषांत पन्नाशी-साठीनंतर प्रोस्टेट वाढतं, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात. पुरुषाला हा संसर्ग झाला तर तो साधा समजू नये, मागे कारण शोधावं. घरी लघवीची नळी घातलेला रुग्ण असेल, तर ती नळी खरंच हवी आहे का, हे दर भेटीत डॉक्टरांना विचारा.

याच्या उलट एक गोष्ट. म्हाताऱ्या माणसाच्या किंवा मधुमेह असलेल्या बाईच्या लघवीत तपासणीत जंतू दिसले, पण जळजळ नाही, ताप नाही, काही त्रास नाही, तर गोळ्या देऊ नयेत. गरोदरपण आणि मूत्रमार्गाचं ऑपरेशन हे मुख्य अपवाद. कागदावरच्या जंतूला औषध देऊन आपण शरीरातल्या जंतूंना फक्त शहाणं करतो.

आणि ते शहाणे झालेले आहेत. भारतातल्या ई. कोलायवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या घराण्यातली औषधं आता भरवशाची राहिलेली नाहीत, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे वार्षिक अहवाल सांगत आले आहेत. याचं मूळ आपल्या सवयीत आहे. मेडिकलच्या काउंटरवर जाऊन ‘लघवीच्या दोन गोळ्या द्या’ म्हणायचं, दुसऱ्या दिवशी आग कमी झाली की उरलेल्या गोळ्या देव्हाऱ्यामागे ठेवायच्या, आणि पुढच्या वेळी त्याच काढून जावेला द्यायच्या. सेफिक्झिमसारखी औषधं १ मार्च २०१४पासून ‘एच-१’ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि विकली की रुग्णाचं व डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगते, साध्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरान्टॉइन हे जुनं, स्वस्त औषध अजून चांगलं काम करतं. मूत्रपिंड नीट असलेल्या बाईला पाच दिवस पुरतं. पहिल्या दिवशीच भारी औषध लिहिण्याचा मोह आवरा, आणि त्रास पुन्हा झाला तर आधी कल्चर करा.

मी आधी सांगितलं की सगळं धारेभोवती फिरतं. धार वाहती राहण्यासाठी बाईला पाणी लागतं आणि जागा लागते. पाणी तिला आपण सांगू शकतो. जागा तिला एकटीला करता येत नाही. म्हणून माझं मागणं आज तिच्याकडे नाही.

सभागृहात कारखान्यांचे संचालक आहेत, नगरसेवक आहेत, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आहेत, औषध दुकानदार आहेत. दुकानदारांनी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नये. शाळा समित्यांनी मुलींच्या मुतारीची कडी आणि नळ येत्या सोमवारी स्वतः तपासावा. नगरपरिषदांनी बाजारात आणि रस्त्यावर बायकांसाठी किती जागा आहेत आणि किती चालू आहेत, याचा फलक लावावा. आणि कारखान्यांनी यंदा बॉयलर पेटवण्याआधी प्रत्येक टोळीमागे एक फिरतं स्वच्छतागृह, पाण्याची टाकी आणि आठवड्यातून एकदा फडावर येणारी परिचारिका, एवढ्याची तरतूद करावी. दुखण्यासाठी दवाखान्यात गेलेल्या बाईचा खाडा धरू नये, हे मुकादमाच्या करारात लिहून घ्यावं. वार्षिक सभेत सभासदांनी हा प्रश्न उभं राहून विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत बसू नये.